केसाळ कमावलेल्या कातड्यापासून बुटाचे चामडे

केसांसकट कमावलेले कातडे जमिनीवर अंथरायला, भिंतीवर टांगायला किंवा खुर्चीवर टाकायला बनवलेले असते. तेच कापून फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवले तर बूट तयार होतो, पण महिनाभरात त्याचा चवडा पसरतो, टाच बसते आणि शिवणीची भोके लांबट होतात. मग दोष केसांना दिला जातो. नवखा माणूस म्हणूनच सगळी शक्ती केस काढण्यात घालवतो आणि चामडे मात्र होते तसेच लिबलिबीत राहते. खरी उणीव दुसरीकडे आहे.

बुटाचे नेहमीचे चामडे कमावण्याआधी चुन्याच्या पाण्यात घालतात. चुन्याने केस आणि त्याखालची बाह्यत्वचा सुटते, आणि त्याच वेळी कातड्याचे तंतू फुगून मोकळे होतात. मग कमावणीचा अर्क त्यांच्यात खोलवर शिरतो. केस टिकवायचे असतील तर चुना वापरता येत नाही. त्यामुळे तंतू पुरते उघडत नाहीत, कमावणी उथळ राहते आणि बाह्यत्वचा जागच्या जागी चिकटून असते. शिवाय अंथरण्याला मऊपणा हवा म्हणून कातडे मागून तासून पातळ केलेले असते आणि त्यात भरपूर तेल पाजलेले असते. म्हणजे कातडे पातळ, सैल आणि ताणले जाणारे. तुमचे मुख्य काम त्यात पुन्हा अंग भरायचे. केसांचा प्रश्न त्यापुढे सोपा आहे.

या लेखात केस असलेल्याला ‘कातडे’ आणि कामाला लायक झालेल्याला ‘चामडे’ म्हटले आहे.

आधी ओळख पटवा

कातडे कशाने कमावले आहे हे कळल्याशिवाय ते पाण्यात घालू नका. तुरटीने कमावलेले कातडे पाण्यात पडून राहिले की तुरटी धुऊन जाते आणि हाती कच्चे कातडे उरते. ते वाळल्यावर ढोलाच्या पुडीसारखे टणक होते.

कडेची एक पट्टी कापा, १ सेंमी रुंद आणि ६ सेंमी लांब. केस कात्रीने उडवा आणि कापलेली कड उजेडात पाहा. आतून निळसर-करडी दिसली तर क्रोम, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांची कमावणी, तपकिरी दिसली तर झाडाच्या सालीची किंवा अर्काची कमावणी, पांढरी शुभ्र दिसली तर तुरटी किंवा अल्डिहाइड नावाचे रसायन. रंगवलेल्या कातड्यात रंग आतपर्यंत गेलेला असू शकतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

पट्टी उकळत्या पाण्यात २ मिनिटे धरा. क्रोमची पट्टी जवळपास तशीच राहते. सालीने कमावलेली ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यानच आक्रसते, त्यामुळे उकळत्या पाण्यात ती गोळा होते. तुरटीची तर त्याही आधी रबरासारखी गुंडाळते. पांढऱ्या पट्टीचा निकाल लावायला दुसरा तुकडा रात्रभर साध्या पाण्यात ठेवून सावलीत वाळवा. वाळल्यावर तो अर्धपारदर्शक आणि खडखडीत झाला तर तुरटी, मऊच राहिला तर अल्डिहाइड. मेंढीची धुता येणारी पांढरी लोकर बहुधा या दुसऱ्या प्रकारात निघते.

काही कातडी मात्र हातातच घेऊ नयेत. जुनी, पेंढा भरून सजवलेली किंवा कधीकाळी कीटकनाशक मारलेली कातडी घासली की धुळीतून आर्सेनिक किंवा पारा फुफ्फुसात जाऊ शकतो. मूळ माहीत नसलेल्या आणि नीट न कमावलेल्या जनावराच्या कातड्यात अँथ्रॅक्सचे बीजाणूही टिकून राहतात. सालीने कमावलेले जुने कातडे घडी घातल्यावर लाल भुकटी सोडत असेल तर ते आम्लाने कुजलेले आहे. कोणत्याही तेलाने ते परत येत नाही.

कोणते कातडे घ्यावे

बुटाच्या वरच्या भागाला १.८ ते २.४ मिमी जाडी लागते. अस्तराला ०.९ ते १.२ मिमी पुरते. गाय-बैलाचे अंथरण्याचे कातडे साधारण १.५ ते २.५ मिमी असते, म्हणून सुरुवात त्यापासूनच करा. वासराचे आणि बकरीचे कातडे सुबक आणि चिवट असते, पण पातळ. ते दुहेरी करावे लागते किंवा अस्तरात वापरावे लागते. हरणाचे चामडे फार ताणते. मोजडीसारख्या मऊ पादत्राणाला ते शोभते, फर्म्यावर ओढायच्या बुटाला नाही.

मेंढीचे घेऊ नका. तिच्या कातड्यात वरचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये चरबीचा पट्टा असतो. कमावल्यावर चरबी निघून जाते आणि तिथे पोकळी उरते. ओढ बसली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात. लोकरीसकट उबदार अस्तर म्हणून मेंढी उत्तम, वरच्या भागाला निरुपयोगी.

घोट्यापर्यंतच्या बुटाच्या एका जोडीला नासधूस धरून ५ चौरस फूट तरी चामडे हाताशी ठेवा, आणि तितकेच अस्तर.

विकत घेण्यापूर्वी किंवा काम सुरू करण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. १ सेंमी रुंद पट्टीवर १०० मिमी अंतरावर दोन खुणा करा आणि हाताने बेताची ओढ द्या. अंतर १३० मिमीच्या पुढे गेले तर त्या जागेला मागून कापडाचा आधार लागणार. दुसरी चाचणी शिवणीची. कडेपासून ३ मिमीवर आरीने एक भोक पाडा, त्यात मेणाचा जाड दोरा ओवा आणि १० लिटर पाणी भरलेली बादली टांगा. भोक फाटले तर त्या भागातून बूट कापायचा नाही, मग ते कातडे दिसायला कितीही देखणे असो. दोन्ही चाचण्या पाठीवर, मानेवर आणि पोटावर वेगवेगळ्या करा. एकाच कातड्यात तिन्ही जागी निकाल निराळा येतो.

केस: चुना-सल्फाइडच्या वाटेला जाऊ नका

‘आता चुन्यात घातले तर केस निघतील का?’ हा हमखास येणारा प्रश्न. निघतील, पण कातडेही जाईल. केस सोडवायला लागणारा तीव्र अल्कली सालीची कमावणी काळी पाडून उतरवतो, तुरटी पूर्ण सोडवतो आणि क्रोमही ढिला करतो. केस विरघळवणाऱ्या सोडियम सल्फाइडचा धोका तर आणखी मोठा आहे. कमावलेल्या कातड्यात आम्ल असतेच. सल्फाइडला आम्ल भेटले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. केस उपटूनही पाहू नका. मुळे कमावणीत पक्की झालेली असतात, आणि ओढताना दाण्याची बाजूच, म्हणजे केसांकडचा वरचा थर, खरवडून निघते.

केस फक्त कापायचे असतात. कातडे कोरडे असतानाच, कारण ओल्या केसांत मशीन अडकते. जनावरांचे केस कापायच्या मशीनने आधी ३ मिमीपर्यंत आणा, मग बारीक पाते लावून केसांच्या उलट दिशेने जितके खाली जाईल तितके. पाते कातड्याला सपाट टेकवा. कोन दिला की सुरकुतीत घुसते आणि चीर पडते. एक जण कातडे ताणून धरील तर काम निम्म्या वेळात होते.

आता उरतात ते खुंट. ते छिद्रांच्या आत आहेत आणि तिथेच राहणार. पांढऱ्या कातड्यावर काळ्या केसांचे ठिपके कायम दिसतील. रेझरने वरवर साफ करता येते, घासून आणखी खाली जाता येते, पण दाण्याचा थर पातळ असतो, ०.१ ते ०.२ मिमीपेक्षा जास्त खाल्ले की ताकद कमी होते. शिवाय बाह्यत्वचेचा खपलीसारखा पापुद्रा तसाच असतो. त्यावर रंग किंवा पॉलिश बसत नाही, वाकवले की सुटते.

म्हणून नवख्याला आमचा सल्ला एकच: कातडे उलटे वापरा. मांसाची बाजू बाहेर, केसांची बाजू आत. मांसाच्या बाजूला तंतू उघडे असतात, त्यावर तेल-मेण छान मुरते आणि ओरखडा उठून दिसत नाही. कामाचे मजबूत बूट कित्येकदा अशाच उलट्या चामड्याचे असतात. केसांचे खुंट अस्तराखाली झाकले जातात आणि दाण्याचा सैलपणा, म्हणजे वाकवल्यावर पडणाऱ्या मोठ्या फुगीर सुरकुत्या, नजरेआड होतो.

भिजवणे आणि आम्ल मारणे

पुढची सगळी मापे भिजवून निथळलेल्या कातड्याच्या वजनावर आहेत. उदाहरणाला २ किलो धरू. कोरडे असताना ते साधारण १ किलो भरते. भांडे प्लास्टिकचे किंवा स्टेनलेसचे घ्या. लोखंडी बादली, पत्र्याचा डबा, गंजका खिळा यांपैकी काहीही अर्काच्या पाण्याजवळ नको. लोखंड आणि टॅनिन, म्हणजे अर्कातले कमावणारे द्रव्य, एकत्र आले की शाई होते. जुन्या काळी शाई अशीच बनवत. चामड्यावर पडलेला तो निळा-काळा डाग सहज जात नाही.

क्रोमचे कातडे ३० ते ३५ अंशांच्या १० लिटर पाण्यात घाला, त्यात २५ मिली भांडी घासायचे द्रव साबण टाका आणि ६ ते १२ तास भिजू द्या. मध्येमध्ये हलवा. पाणी तेलकट झाले तर बदला. जाड भागाची कड कापून पाहिल्यावर मधोमध कोरडी फिकट रेघ दिसत नाही तोवर भिजवणे पूर्ण झाले नाही असे समजा. मग दोनदा स्वच्छ पाण्यात खंगाळून निथळवा आणि वजन करा.

क्रोमच्या कातड्यात आम्ल उरलेले असते. तसेच अर्कात घातले तर टॅनिन वरच्यावर झडप घालून बसते, आत शिरत नाही. यासाठी ८ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम खायचा सोडा घ्यायचा, म्हणजे वजनाच्या १ टक्का. तो दोन हप्त्यांत, अर्ध्या तासाच्या अंतराने घाला आणि एकूण तासभर हलवत राहा. नव्याने कापलेल्या कडेवर पीएच कागद दाबून पाहा. ४.५ ते ५ आला की थांबा. ६ च्या वर गेला तर दाणा सैल पडतो.

तुरटीच्या कातड्याला ही चैन नाही. ते साध्या पाण्यात घालायचेच नाही. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तास-दोन तास मऊ करा, म्हणजे ते फुगत नाही. कडेचा पीएच ४ च्या खाली असेल तर त्याच पाण्यात किलोमागे १० ग्रॅम सोडा थोडा थोडा घाला आणि दर २० मिनिटांनी तपासा. ४ च्या आसपास आले की त्याच मिठाच्या पाण्यात अर्क सुरू करा. धुवायचे नाही.

अंग भरणे: पुन्हा कमावणी

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. वनस्पतीज टॅनिन तंतूंच्या मधल्या पोकळीत भरून बसते. त्याने चामडे जाडसर होते, आकार धरते आणि आरीचे भोक ताणले जात नाही. मिमोसाच्या सालीच्या अर्काची भुकटी नवख्याला सोयीची, कारण ती लवकर विरघळते आणि खोलवर जाते. चेस्टनट किंवा ओकचा अर्क चामडे अधिक टणक करतो. बाभळीची साल वापरायची तर कुटून, उकळून, गाळून काढा तयार करावा लागतो आणि त्याची तीव्रता दर वेळी वेगळी येते. पहिल्या खेपेला भुकटीच बरी.

क्रोमच्या २ किलो कातड्यासाठी १० लिटर पाणी घ्या, तापमान ३० अंशांच्या आसपास. पहिल्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम अर्क गरम पाण्यात वेगळा विरघळवून, कोमट करून घाला. संध्याकाळी आणखी १०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सकाळी १५० ग्रॅम. एकूण ३५० ग्रॅम, म्हणजे साडेसतरा टक्के. फिरत्या ड्रममध्ये १० ते १२ टक्के पुरतात. बादलीत हलवणूक कमी, म्हणून माप जास्त. पहिले चार तास दर १५ मिनिटांनी कातडे वर-खाली करा, नंतर दिवसातून सहा-सात वेळा. दीड-दोन मिमी जाडीला दोन ते तीन दिवस लागतात.

तुरटीच्या कातड्याला दर किलोला २५० ते ३०० ग्रॅम अर्क लागतो आणि चार ते सहा दिवस जातात. सुरुवात मात्र आणखी पातळ द्रावणाने करा, १० लिटरला ५० ग्रॅम, आणि दर १२ तासांनी वाढवत न्या. घाई इथे फार महागात पडते. पहिल्याच दिवशी सगळी भुकटी ओतली तर बाहेरचा थर झटकन कमावला जाऊन आवळतो, आतल्या थराची वाट बंद होते आणि दाणा चुरगळल्यासारखा दिसतो. कापून पाहिले तर दोन तपकिरी थरांमध्ये पांढरी रेघ. अशी रेघ राहिलेले चामडे फर्म्यावर ओढताना आतूनच फाटते.

मुरले की नाही ते मानेजवळ तपासा, कारण तिथे जाडी सर्वांत जास्त असते. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा कापून कड पाहा. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रंग सलग हवा. पोटाची कड लवकर रंगते. ती पाहून समाधान मानू नका.

पाण्यावर हिरवट-पांढरा तवंग दिसला तर ती बुरशी आहे. गरम हवेत न हलवता ठेवलेल्या पातळ अर्कावर ती हमखास येते. वरचा थर काढा, ताजा अर्क घाला, हलवणूक वाढवा. अर्कासाठी पाणी शक्यतो मऊ घ्या. जड पाण्याने टॅनिन गढूळ होऊन तळाला बसते.

तेल पाजणे

अर्काने अंग भरलेले चामडे तेलाशिवाय वाळवले तर लाकडासारखे होते. खंगाळून निथळवा आणि ४५ अंशांच्या ६ लिटर पाण्यात घाला. १०० ग्रॅम सल्फेटेड तेल, म्हणजे पाण्यात मिसळणारे खास चामड्याचे तेल, ४०० मिली ६० अंशांच्या पाण्यात दुधासारखे फेटा आणि त्यात ओता. तासभर हलवा. दुधाळ पाणी निवळले की तेल चामड्यात गेले. तुरटी किंवा नुसत्या सालीच्या कातड्याला तापमान ४० च्या पुढे नेऊ नका.

मग ८५ टक्क्यांचे १० मिली फॉर्मिक आम्ल १०० मिली थंड पाण्यात टाका. आम्ल नेहमी पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. हे मिश्रण दोन हप्त्यांत, २० मिनिटांच्या अंतराने घाला. पीएच ३.८ ते ४ आला की अर्क आणि तेल दोन्ही पक्के झाले. एकदा खंगाळा आणि चामडे रात्रभर दांडीवर, घडीची जागा बदलत ठेवा. एकाच घडीत राहिले तर कायमची रेघ पडते.

एक मोह टाळा. अंथरण्याच्या कातड्याला असते तेवढे तेल बुटाला नको. ५ टक्क्यांच्या जागी १० टक्के टाकले तर चामडे हाताला गोड लागते, पण मग अंग भरण्याची सगळी मेहनत पाण्यात गेली.

पसरणे, वाळवणे, चरबी मुरवणे

सकाळी चामडे गुळगुळीत फळीवर, मांसाची बाजू खाली ठेवून पसरा. पितळेच्या किंवा जाड काचेच्या बोथट पात्याने मधल्या कण्यापासून कडेकडे जोर देऊन पाणी काढा. याच कामात लोक कसर करतात, पण ताण काढण्याचे खरे काम इथेच होते. जितके नीट पसराल तितका बूट नंतर कमी ताणेल. मग लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी किंवा चिमट्यांनी बेताने ताणून सावलीत ठेवा. ऊन, हीटर, पंख्याचा थेट झोत, काहीच नको.

हाताला थंड आणि ओलसर लागते पण दाबून पाणी येत नाही, अशी अवस्था साधारण एका दिवसात येते. चरबी लावायची वेळ हीच. जनावराची स्वच्छ चरबी आणि कॉड माशाचे तेल समभाग घेऊन मंद आचेवर वितळवा आणि लोण्यासारखे घट्ट होऊ द्या. निथळलेल्या चामड्याच्या किलोमागे १०० ग्रॅम, त्यातला बराचसा मांसाच्या बाजूला. आतले पाणी जसे उडत जाते तशी त्याची जागा चरबी घेते. कोरड्या चामड्यावर तीच चरबी वरच बसते आणि चिकट राहते, फरक एवढाच. चार ते सात दिवस सावकाश वाळू द्या, उरलेला थर बोथट पात्याने खरवडा.

बर्फात किंवा चिखलात चालायचे असेल तर वाळल्यावर मेणाचा हात द्या: १ भाग मधमाश्यांचे मेण, २ भाग चरबी, २ भाग तेल, ६५ अंशांवर वितळवून ५५ पर्यंत निवू दिलेले. क्रोमवर अर्क चढवलेले चामडे ही उष्णता सहज सोसते. तुरटीच्या कातड्यावर मात्र मिश्रण ४५ च्या खाली आणूनच लावा.

पूर्ण वाळण्याच्या जरा आधी चामडे बोथट कडेवरून दोन-चार वेळा ओढा, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटून बसत नाहीत. फार नको. बुटाला आकार धरणारे चामडे हवे असते.

मांसाच्या बाजूचे पापुद्रे आता १२० नंबरच्या पॉलिश कागदाने आणि नंतर २२० ने घासून काढा. हे काम अगदी सुरुवातीला केले तर मऊ कातडे कागदाला गुंडाळून फाटते, अंग भरल्यावर स्वच्छ घासले जाते. घासायचे मशीन वापरत असाल तर ते एका जागी थांबवू नका, जागा भाजते. तोंडाला एन-९५ मुखपट्टी हवीच. क्रोमची धूळ झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. तिची भुकटी आणि कापटे जाळू नका आणि खतातही टाकू नका. अर्काचे उरलेले पाणी गाळून सांडपाण्याच्या नळीत जावे, विहिरीजवळ किंवा ओढ्यात नाही.

कापणी आणि बुटासाठी जोडणी

कण्याच्या दोन्ही बाजूंचा मागचा अर्धा भाग सर्वांत घट्ट असतो. चवडा तिथून काढा. नळीचे, म्हणजे घोट्याभोवतीचे, भाग खांद्याजवळून, जीभ मानेकडून. पोट आणि काखा बुटाच्या बाहेरच्या भागात मुळीच नकोत. चामडे ज्या दिशेला कमी ताणते ती दिशा चवड्यापासून टाचेकडे आली पाहिजे. साधारणपणे ती कण्याला समांतर असते, पण हाताने ओढून खात्री करा. डाव्या-उजव्या बुटाचे तुकडे कण्याच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवून कापले तर दोन्ही बूट सारखे ताणतात. उलटे चामडे वापरताना साचेही उलटे ठेवायचे आहेत हे विसरून दोन्ही डावे तुकडे कापले जातात. पहिल्या जोडीत हे फार होते.

चिकटवणीची गोष्ट नीट लक्षात घ्या. गोंद केसांच्या खुंटांना धरतो, चामड्याला नाही. म्हणून जिथे अस्तर, टाचेचा आधार किंवा तळवा चिकटणार, तिथे केसांची बाजू ८० नंबरच्या कागदाने खुंट आणि पापुद्रा जाईपर्यंत घासा. निओप्रीन गोंदाचे दोन पातळ हात, मध्ये १५ ते २० मिनिटे. बोटाला चिकटेनासा झाला की दाबून हातोडीने ठोका. चामडे १.६ मिमीपेक्षा पातळ राहिले असेल तर सालीने कमावलेले १ मिमी अस्तर संपूर्ण चिकटवून दुहेरी करा. बुटाच्या वरच्या काठाला आतून नायलॉनची फीत लावाच. काठ तिथूनच सैल पडतो.

शिवण कडेपासून २ ते २.५ मिमीवर, टाका ३ मिमीचा. याहून बारीक टाका घातला तर भोकांची रांग टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटते. ताण येणाऱ्या जोडावर दोन समांतर शिवणी घाला.

फर्म्यावर ओढायला खाली १८ ते २० मिमी जास्तीचे चामडे ठेवा, हाताने वेल्ट, म्हणजे वरचा भाग आणि तळ जोडणारी पट्टी, शिवणार असाल तर २५. चवडा कोमट पाण्याच्या फडक्याने ओलसर करा, आधी टोक, मग दोन्ही बाजू, शेवटी टाच, अशा क्रमाने पकडीने ओढून खिळे मारा. एका झटक्यात नाही. ओढा, दहा मिनिटे थांबा, पुन्हा ओढा. या चामड्यात नेहमीपेक्षा जास्त ताण शिल्लक असतो आणि तो फर्म्यावरच संपला पाहिजे, पायात नाही. टोकाला आणि टाचेला सालीने कमावलेल्या २ मिमी चामड्याचा आधार घाला. नेहमीचे चामडे दोन-तीन दिवसांत उतरवता येते, हे मात्र आठवडाभर फर्म्यावर राहू द्या.

केस बाहेर ठेवायचे असतील तर

ध्रुवाजवळच्या प्रदेशातले सामी लोक रेनडिअरच्या पायांच्या कातड्याचे केसाळ बूट वापरत आले आहेत. पाठीचे कातडे सोडून पायाचे का, तर तिथले केस आखूड, दाट आणि झिजायला चिवट असतात. गाई-वासराच्या कातड्यातही हाच नियम लावा आणि लांब केसांचा भाग नळीपुरता ठेवा. चवड्याच्या घडीवर आणि दोन्ही घोटे एकमेकांना घासतात तिथे केस आधी जातात.

कापताना कात्री नको. मांसाच्या बाजूने रापीच्या टोकाने फक्त कातडे चिरायचे आणि हलके ओढून वेगळे करायचे, म्हणजे केस अखंड राहून शिवण झाकतात. केसांचा कल तळव्याकडे ठेवा, पाणी निथळून जाते. जोडाच्या जागी ६ मिमी पट्ट्यातले केस मात्र मुळापासून काढलेच पाहिजेत, कारण दोन केसाळ कडा एकमेकांवर ठेवून शिवल्या तर केसांचाच थर दबत जातो आणि शिवण ढिली पडते.

नंतर दिसणारे दोष

काही आठवड्यांनी बुटावर पांढरी साय आली तर घाबरून पुन्हा तेल लावू नका. केस वाळवायच्या यंत्राची ऊब द्या. वितळून आत गेली तर ती चरबीच आहे. थंडीत वर येते, फडक्याने पुसून टाका. वितळली नाही आणि ओल्या फडक्याने विरघळली तर मीठ आहे. तुरटीच्या कातड्यात हे सर्रास होते. दोन-तीनदा ओल्या फडक्याने टिपून सावलीत वाळवले की कमी होत जाते. वितळतही नाही, विरघळतही नाही आणि पुसताना भुरभुरते व कुबट वास येतो, तर बुरशी. मोकळ्या हवेत ब्रशने झाडा, आतले तळवे काढून वेगळे वाळवा आणि अस्तराखाली ओल राहिली आहे का ते टाचेजवळ दाबून पाहा; फर्म्यावरून घाईने उतरवलेल्या बुटात ती बहुतेक वेळा तिथेच सापडते.